संध्याकाळची उजळणी

९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला टाकशील असं वाटलं होतं. उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्राला निदान शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं.

आईच्या आजारपणात तू जी गेलीस, ती परत इकडे फिरकली नाहीस. आई गेली तेव्हाही नाही. आपलं भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. ते झालंच नाही. तू नुसती उठून गेलीस आणि मी नुसती आईचं करत राहिले. असो. ते उकरून काढायला बसले नाहीये. मागणं आहे एक.

मी आता अडुसष्टची झाले. आईचं सुरू झालं तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. आजीचंही तसंच. मावशी तर स्वतःच्या घरात स्वतःच्या खाटेवर बसून "मला घरी सोडा" म्हणायची. आपल्याकडच्या पुरुषांपैकी कुणाला हे झालेलं मला आठवत नाही. ते आपले खणखणीत आवाजात सगळ्यांवर ओरडत एका झटक्यात गेले. मध्ये पेपरात आलं होतं, म्हातारपणी स्मृती जाण्याचा हा आजार असलेल्यांत बायका जास्त असतात. त्यासाठी पेपर कशाला हवा? आपल्या घरात डोकावलं की पुरे.

तर माझी पाळी आली आहे. मी रडत नाहीये, तयारीला लागले आहे. आम्हाला मूलबाळ नाही. राहता राहिले तुझे भावजी. सत्याहत्तरचा माणूस, अजून एका दमात सुईत दोरा ओवतो, कोटाची बाही अशी बसवतो की शिवण शोधून सापडू नये. पण चहात साखर किती घालायची हे आजही मला विचारतो. त्यांच्या गळ्यात मी पडले तर आठवड्याभरात दोघंही उपाशी मरू. म्हणून सांगते, माझं सुरू झालं की तू ये आणि मला कुठेतरी ठेव. कुठे ते तू ठरव, सही तू कर. त्यांच्याच्यानं ते व्हायचं नाही. ते मला दुकानात मशीनपाशी बसवतील आणि दिवसभर "अगं, हे शिव, ते उसव" म्हणत राहतील.

अजून तसं काही नाही बरं का. रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी हे माझी उजळणी घेतात. आमची कामाची पद्धत तू पाहिली आहेस. हे गिऱ्हाइकाला टेप लावून मापं बोलत जाणार आणि मी वहीत लिहीत जाणार. ती वही ह्यांनी जन्मात उघडली नाही. "डोक्यात आहे सगळं," म्हणतात, आणि असायचंच. कित्येक वर्षांनी आलेल्या माणसाला दारातच "खांदा साडेसतरा, पण पोट वाढवलंत" असं सांगणारा हा माणूस. म्हणून परीक्षक त्यांनाच नेमलं. दिवसभरात आलेल्यांची मापं ते विचारतात, मी वही न बघता सांगते, आणि ते मान डोलावून "बरोबर" म्हणतात. अजून एकदाही नापास झाले नाही. पण होईन. तुझं काय ते कळव.

तुझी,
मोठी


२ मार्च

धाकटे,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. "मला यात ओढू नकोस. मी एकदा बघितलंय, पुन्हा बघू शकणार नाही. डॉक्टरांना दाखव. काळजी घे." पाकिटावरचं तिकीट मजकुरापेक्षा जड झालं असेल.

बघितलंय म्हणतेस. तू सुट्टीत चार दिवस यायचीस, पाचव्या दिवशी तुझी बॅग भरलेली असायची. उरलेलं वर्ष मी बघायची. हे टोचून बोलणं झालं, मला कळतंय. पण खोडत नाही. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशीलच.

तुझ्यावर राग नाही माझा, राग करायला ताकद लागते. शिवाय तूही साठीला आलीस आणि तूही याच बायकांमधली. एखादं नाव पटकन आठवलं नाही की तुलाही आई आठवत असेल.

तू येणार नाहीस म्हटल्यावर ह्यांना शिकवणं आलं. सध्या आमच्या घरी शाळा भरते. पहिला धडा, अंडी उकडणे. पहिल्या दिवशी हे पातेलं ठेवून दुकानात गेले आणि तिथेच रमले. पाणी आटलं, अंडी फुटली, घरभर धूर. दुसऱ्या दिवशी तेच. मग शेगडी चालू आहे हे विसरू नये म्हणून मी तिच्या मोठ्या बटणाला लाल दोरा बांधला. हे रोज विचारतात, "हा दोरा कसला गं?" मी रोज सांगते. बँकेची कागदपत्रं कुठल्या कपाटात, विजेच्या बिलाचं काय करायचं, माझ्या औषधांची वेळ, सगळं सांगून झालं. हे "हो हो" म्हणतात आणि पाठ फिरली की पाटी कोरी.

शेजारच्या चप्पलवाल्याच्या बायकोपाशी मी हे रडगाणं गायलं, तर ती म्हणाली, "अहो, आमच्यांना स्वतःचे बनियन कुठल्या खणात असतात ते माहीत नाही. तुमचे अंड्यापर्यंत तरी पोचले." आम्ही दोघी खूप हसलो. पुरुषमाणूस. जन्मभर हातात ताट मिळालं, लक्ष कशाला देतील?

दुकानातही हल्ली बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. गिऱ्हाईक दारात आलं की मी ह्यांच्या कानाशी त्याचं नाव सांगते, मग हे "या या" म्हणत टेप गळ्यातून काढतात. कान जड झालेत म्हणतात. गिऱ्हाइकांना नावं ठेवण्याचं काम तसंही पहिल्यापासून माझंच.

उजळणी चालू आहे. पास.

मोठी


१९ एप्रिल

धाकटे,

सुरू झालं.

शाळेच्या हेडमास्तरांचा कोट शिवायला आला होता. संध्याकाळी हे म्हणाले, "सांग." मी म्हटलं, "हेडमास्तर, बाही पंचवीस." हे म्हणाले, "बरोबर." सकाळी अस्तर कापायला वही उघडली तर माझ्याच अक्षरात तेवीस. मी तीनतीनदा पाहिलं. डोळे चोळून पाहिलं. पान उजेडात नेलं. तेवीसच.

हेडमास्तर ठेंगणे आहेत. पंचवीसची बाही त्यांना घातली तर बोटं शोधावी लागतील. मला ते दिसत होतं, मीच लिहिलं होतं, आणि तरी संध्याकाळी तोंडातून पंचवीस आलं. कुठून आलं ते सांगता येत नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. तिने एक दिवस दूधवाल्याला आपल्या काकांचं नाव घेऊन हाक मारली, आणि आपण हसलो होतो.

ह्यांना सांगितलं नाही. काय सांगू? मी मशीनवर बसून राहिले, पायडल मारत राहिले. खाली कापड नव्हतंच. मला फार भीती वाटते आहे, धाकटे. मरायची नाही. आईला शेवटी जेवलोय की नाही हे कळत नव्हतं, ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि घाबरून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला माहीत आहे. ते आतून कसं असेल, हे मी तिचं करताना कधी मनात येऊ दिलं नव्हतं. आता येतं, भांडी घासताना येतं, काज करताना येतं.

एकदाच ये. राहू नकोस, नुसती ये, म्हणजे मी शुद्धीत असताना आपण बोलून घेऊ. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण जूनमधली मिळाली.

ह्यांनी "बरोबर" कसं म्हटलं, कोण जाणे. दमले असतील.

मोठी


६ मे

धाकटे,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ मी पाकीट चिकटवण्याआधी घाईत लिहिली. चिकटवून पोस्टात टाकलंही. मग ती ओळ माझ्याबरोबर घरी आली.

दमले असतील, असं मी लिहिलं. पण हा माणूस तापाने फणफणलेला असताना अंथरुणातून ओरडून मापं सांगायचा. बाहीत दोन इंचांची चूक ह्यांच्या कानांवरून जाईल? मी पंधरवडाभर स्वतःशी वाद घातला. शेवटी काल धीर केला.

काल पोस्टमनने पँट आणि शर्ट टाकला. काडीसारखा माणूस, त्याला टेप गुंडाळली तर अर्धी उरते. संध्याकाळी हे खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं, सांग." आता माझ्या लक्षात आलं की हल्ली ते नाव घेऊन विचारत नाहीत, नुसतं "सांग" म्हणतात. मी म्हटलं, "पोस्टमन, छाती बावन्न."

"बरोबर."

"अहो, बावन्न?"

"हो, बावन्न. मीच घेतलं ना माप."

मी परत म्हटलं, "चुकलेच, एकवीस." लहान मुलाची छाती झाली ती. हे माझ्याकडे बघत होते, माझं बोलणं संपतंय कधी त्याची वाट बघत होते. संपल्यावर मान डोलावली. "बरोबर."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं, ह्यांच्या हातात हात दिला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते खुशीत होते. म्हणाले, "तुझं डोकं अजून चांगलं चालतंय हो. उगाच घाबरतेस."

कधीपासून, धाकटे? किती महिने मी कोऱ्या पाटीसमोर उत्तरं देत होते आणि पास होत होते? अंडी, दोरा, बँकेचं कपाट, जड झालेले कान. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मीच तुला हसत हसत लिहिलं. जिने आईचं सगळं केलं, त्या मला ते ओळखू आलं नाही, कारण मी बायकांकडे बघत होते. स्वतःकडे बघत होते. ह्यांना कधी काही लक्षात ठेवावं लागलंच नव्हतं, मापं सोडून, तर विसरलेलं दिसणार कुठून?

आज एवढंच.

मोठी


११ जून

धाकटे,

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वेळ माझ्या नावाने घेतली होती, नेलं दोघांनाही. डॉक्टरीण तरुण आहे, शांत बोलते. ह्यांनी आत गेल्या गेल्या तिला सांगितलं, "तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय, कुणी शिवला?" ती खुदकन हसली. मला वाटलं, आता ही म्हणेल यांना काय धाड भरली आहे.

मग तिने विचारलं, "कुठला महिना चालू आहे?"

हे म्हणाले, "ते हिला विचारा."

"घराचा पत्ता?"

"पत्ता, फोन, सगळं हिच्याकडे. मी आपला कात्रीवाला."

इतक्या ऐटीत म्हणाले की पटावं. लग्न झाल्यापासून हे हेच उत्तर देत आलेत, आणि ते खरंही होतं. डॉक्टरीण माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." मी बाहेर बसले. दार लागलं. हे एकटे उत्तरं द्यायला आत, हे पहिल्यांदाच घडत होतं. थोड्या वेळाने ती मला बोलवायला आली तेव्हा हे खुर्चीत अंग चोरून बसले होते आणि मला बघून म्हणाले, "कुठे गेली होतीस? ही काहीतरी विचारतेय."

आणखी तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. त्यांनाच आहे. बरंच पुढे गेलेलं आहे.

मी डॉक्टरणीशी हुज्जत घातली. म्हटलं, "पण आमच्याकडे हे बायकांना होतं. आजी, मावशी, आई."

ती म्हणाली, "आणि पुरुष? ते किती वर्षं जगले?"

मी बोटांवर मोजायला लागले. बाबा साठीच्या आत. आजोबा त्याही आधी. काका निवृत्त झाल्या वर्षी. एकही सत्तरीला पोचला नव्हता. तिने समजावून सांगितलं: या आजाराचं सगळ्यात मोठं कारण वय. पासष्टीच्या पुढे शक्यता वाढत जाते आणि ऐंशीकडे जाताना फारच वाढते. बायकांमध्ये जास्त दिसतो, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्या जास्त जगतात, त्या वयापर्यंत पोचतात. आणखीही कारणं असतील, त्यावर अभ्यास चालू आहे. पण पुरुषांना होत नाही असं कुणी सांगितलं? म्हणजे आपल्या घरच्या पुरुषांना विसरायला सवडच मिळाली नाही. पहिला जो एवढा जगला, तो हा बाहेरून आलेला जावई.

माझीही तपासणी केली तिने. वयाच्या मानाने ठीक आहे. तेवीसचं पंचवीस सगळ्यांचंच होतं म्हणाली, काळजी आणि अपुरी झोप असली की होतंच. पुढचं कोण सांगणार, दर वर्षी येत जा.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर मला संताप आला. इतकी वर्षं मी मन घट्ट करून बसले होते, माझी पाळी म्हणून. एकदा विसरायला लागलं की निदान माझं करणं संपेल, कुणीतरी माझं करेल, असं मनाच्या एका कोपऱ्यात होतं. आईचं केलं, आता ह्यांचं. मला परत सुरुवातीपासून. त्या दवाखान्याच्या जिन्यात मला वाटलं, मला झालं असतं तर बरं होतं. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

मोठी


३ सप्टेंबर

धाकटे,

तुझं एवढं मोठं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोनदा वाचलं. एकदा दुकानात, एकदा घरी.

आधी इकडचं सांगते. नवं कापड घेणं बंद केलं. जुलैत ह्यांनी एकाचं चांगलं लोकरी कापड बेतलं, खडूच्या रेघा अशा सुंदर की बघत राहावं, आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. आता फक्त उसवणं, आखूड करणं, चेन बदलणं. ते मी करते. हे दारात येणाऱ्या प्रत्येकाला टेप लावतात. जुनी गिऱ्हाइकं हात बाजूला सोडून उभी राहतात, हे काहीतरी आकडा बोलतात, मी वहीत लिहिल्यासारखं करते. नवं कुणी असलं तर मी आधीच बाहेर जाऊन सांगते. काही जण हसतात. काही जण पुन्हा येत नाहीत.

मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "बाई, तुम्ही इथे किती दिवस कामाला आहात?"

"बरेच दिवस," मी म्हटलं.

"मालकीण बरी वागवते ना?"

"डोकं खाते."

"खाते खरी," हे म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मग मी मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले.

आता तुझ्या पत्राचं. "भावजींना चांगल्या जागी ठेव आणि माझ्याकडे ये. खालची खोली रिकामी आहे, दोघी राहू, तू फार केलंस." ही ओळ मी किती वर्षं ऐकायला थांबले होते ते तुला कळणार नाही. वाचल्यावर मी खरोखर बॅग शोधायला उठले. कपाटाच्या वरून काढली, झटकली. हे दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "कुठे निघालात? मला पण न्या." कुठे, कोणाबरोबर, कशाला, काही नाही. मी बॅग परत वर ठेवली.

तर आत्ता नाही यायचं, धाकटे. लोक म्हणतील म्हणून नाही. प्रेमाचंही मी मोठ्याने बोलणार नाही, दमले की प्रेम कुठे असतं ते शोधावं लागतं. दिवसा एक बाई येईल अशी व्यवस्था मात्र करते आहे, डॉक्टरणीने नंबर दिला. अगदीच झेपेनासं झालं तर तू म्हणतेस तशी जागाही बघेन. पण ते मला अजून शोधतात. नाव माहीत नसलं तरी शोधतात.

पण हिशोब साधा आहे. हे सत्याहत्तरचे, मी अडुसष्टची. आधी ते जातील. मग मी उरेन, बायका उरतात. आणि उरणं लांबलं की माझी पाळी येऊ शकते, या वेळी खरी. तेव्हा तुझी खालची खोली मला हवी आहे. मी येईन असं म्हणत नाही, कारण तेव्हा मला यायचं लक्षात राहील की नाही कोण जाणे. तूच न्यायला ये.

आणि एक गोष्ट आता बोलूनच टाकू. तू शेवटची आलीस त्या दुपारी आईसाठी फळं घेऊन आली होतीस. मी तिला खुर्चीत बसवून केस विंचरत होते. आई तुझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण बाई? हिला घालवा इथून." तू पिशवी दारातच ठेवलीस आणि वळलीस. याच पत्रात लिहिलंस, "आईला तू आठवत होतीस, मी नव्हते. ते मला सहन झालं नाही." एवढी वर्षं तू हे धरून बसलीस? अगं, त्याच सकाळी तिने मला हाकललं होतं. "चोर शिरलीय घरात" म्हणून माझ्या अंगावर तांब्या फेकला होता. आदल्या दिवशीही तेच. ती मला ओळखत होती म्हणून मी तिथे नव्हते. तिला आंघोळ घालायची होती, म्हणून होते. तू जिना उतरून गेलीस आणि थोड्याच वेळात तिने विचारलं, "फळं कुणी आणली?" मी म्हटलं, धाकटीने. तर म्हणाली, "मग तिला जेवायला का नाही थांबवलंस?"

तर ऐक. तू न्यायला आलीस की मी दार उघडेन आणि कदाचित विचारेन, कोण पाहिजे. आईसारखं वेडंवाकडं बोलेन, "घालवा हिला" म्हणेन, आणि म्हणताना माझा चेहराही आईसारखाच दिसेल, तू तयार राहा. "मी धाकटी" म्हणून सांग. पटलं नाही तरी सांग. आणि मी काहीही बोलले तरी तू दारातून परत जाऊ नकोस. आत ये.

तुझी,
मोठी